पार्किंगमधून दिसणारं पुणं: कोंढव्यातल्या एका छायाचित्र-गटाचं प्रकरण

कोंढव्याहून उंड्री-पिसोळीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी उंच संकुलं लागतात, त्यांच्या आत-बाहेर तीन तऱ्हेची परगावची मुलं वाढताहेत. चालू साइटच्या मागे पत्र्याच्या खोल्यांत मजुरांची मुलं असतात. कुणी नांदेड-हिंगोलीकडची, कुणी छत्तीसगडची, कुणी उत्तर प्रदेशातली. बांधून झालेल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये नेपाळी वॉचमनची मुलं. आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये अफगाणिस्तान, येमेन किंवा सुदानमधून शिकायला आलेल्यांची धाकटी भावंडं. तिन्ही गटांची गाठ पडलीच तर किराणा दुकानात पडते.

या पट्ट्यातल्या एका अभ्यासकेंद्राने चौदा ते अठरा वयाच्या अशा बारा जणांसाठी दहा रविवारांचा छायाचित्र-गट चालवला. नऊ जण शेवटपर्यंत टिकले. मुलांची ओळख पटू नये म्हणून गावं, वयं आणि घरचे तपशील बदलले आहेत.

कागद आधी, कॅमेरा नंतर

गट जमवताना पहिलं काम कंटाळवाणं होतं: कोण कोणत्या कागदावर इथे राहतं हे समजून घेणं. फोटो बाहेर गेला तर कुणाला किती धोका, हे त्यावर ठरतं. नेपाळी कुटुंबांना १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. त्यांची भीती सरकारची नसते, नोकरीची असते. अफगाण मुलांचं उलट. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. त्यामुळे मुक्काम मोठ्या भावाच्या स्टुडंट व्हिसाच्या आणि पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागातल्या नोंदणीच्या आधारावर चालतो. शिवाय २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती पडल्यानंतर मागे राहिलेले काका-मामा तिथेच आहेत. पुण्यात काढलेला चेहरा तिकडे कुणी ओळखला तर काय होईल, याचा अंदाज पुण्यात बसून बांधता येत नाही. आणि मराठवाड्यातल्या मुलांचे सगळे कागद चोख असूनही ती परकीच ठरतात, कारण साइट संपली की मुक्काम हलतो आणि शाळा बदलते.

संमतीपत्र पहिल्या दिवशी भरून घेतलं नाही. पहिल्या दिवशी सगळे सगळ्यावर सही करतात. नकार द्यायला आधी ओळख लागते. तिसऱ्या रविवारी, कॅमेरा हाताळून झाल्यावर आणि फोटो म्हणजे नेमकं काय बाहेर जातं हे पाहून झाल्यावर, तीन वेगवेगळ्या संमती घेतल्या: फोटो काढायला, गटात दाखवायला, गटाबाहेर दाखवायला. तिसरी संमती सरसकट घेतली नाही, एकेका फोटोसाठी घेतली आणि प्रिंट लॅबला जाईपर्यंत ती मागे घेण्याची मुभा ठेवली. अठराखालच्यांसाठी पालकांची सही लागतेच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही अठराखालच्या सगळ्यांना मूल मानतो आणि पालकांची खात्रीलायक संमती मागतो. पण पालकांच्या सहीने मुलाचा नकार पुसला जात नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगून टाकला. मजकूर मराठी, हिंदी, नेपाळी आणि दरी या अफगाणिस्तानातल्या फारसी भाषेत मोठ्याने वाचून दाखवला. दरीसाठी दुभाषा घरातला घेतला नाही. भाऊ दुभाषा असला की बहिणीचा नकारही होकार होऊन बाहेर येतो.

सामान

मोबाइल वापरायचे की कॅमेरे, यावर बराच खल झाला. मोबाइल घरोघरी आहेत, पण ते मुलांचे नसतात. मुकादमाचा फोन आला की वडील मोबाइल घेऊन जातात, धाकटा भाऊ गेम टाकतो, मेमरी भरली की कुणीतरी फोटो उडवतं. शिवाय मोबाइलचे फोटो आपसूक क्लाउडवर चढतात आणि प्रत्येक फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश शिरू शकतात. म्हणून सहा जुने छोटे डिजिटल कॅमेरे घेतले, प्रत्येकी साधारण अडीच हजारांना. दोघांत एक कॅमेरा. एकाकडे सोमवार ते बुधवार, दुसऱ्याकडे गुरुवार ते शनिवार. मेमरी कार्ड मात्र प्रत्येकाचं वेगळं, आणि प्रत्येक कार्डावर नेलपॉलिशचा वेगळ्या रंगाचा ठिपका. कार्ड स्वतःचं असलं की कॅमेरा जोडीदाराकडे गेला तरी फोटो आपल्याकडेच राहतात.

पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरेच निवडले. जुन्या लिथियम बॅटऱ्या फुगतात आणि त्यांचे चार्जर मिळत नाहीत. साधे सेल या कॅमेऱ्यांत वीस-तीस फोटोंतच मान टाकतात, तेव्हा रिचार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल घेतले, कॅमेऱ्यामागे चार: दोन आत, दोन राखीव. मजूर कॅम्पात वीज बहुधा संध्याकाळीच असते, म्हणून चार्जिंग केंद्रावर. सेल काढले की या कॅमेऱ्यांची तारीख शून्यावर जाते, तेव्हा फोटोवर तारीख छापण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद केली. नाहीतर सगळा गट २००८ च्या एक जानेवारीला जन्मलेला दिसतो.

आठवड्याला चोवीस फोटो, त्याहून जास्त नाही. ही मर्यादा फिल्मच्या रोलवरून घेतली आणि तीच सगळ्यात कामाची ठरली. अमर्याद फोटो काढणारं मूल निवड करत नाही, आणि या कामात निवडीतूनच खरं बोलणं निघतं. चोवीसांतले सहा मुलाने स्वतः कॅमेऱ्याच्या पडद्यावर निवडायचे आणि तेवढेच लॅबमध्ये चार बाय सहा आकारात, मॅट कागदावर छापायचे. आठवड्याला सत्तरच्या आसपास प्रिंट, दर प्रिंटमागे दहा रुपये. प्रोजेक्टर फुकट होता, तरी वापरला नाही. पडद्यावर फोटो मोठा होतो आणि मूल लहान. टेबलावर प्रिंट असली की ते ती उलटी ठेवू शकतं, दुसऱ्याच्या फोटोखाली सरकवू शकतं, खिशात घालू शकतं.

तंत्राचे धडे दोनच. एक, पत्र्याच्या खोलीत फ्लॅश बंद. फ्लॅश पत्र्यावरून परावर्तित होतो आणि मधे पांढरा डाग पडतो. त्याऐवजी दार उघडं ठेवायचं, माणसाला किंवा वस्तूला दाराकडे वळवायचं, कोपर पाण्याच्या ड्रमवर टेकवायचं आणि श्वास रोखून बटण दाबायचं. आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेड किती टिपतो त्याचा आकडा, चारशे-आठशेवर, त्याच्या वर या छोट्या सेन्सरचा फोटो वाळू सांडल्यासारखा येतो. दोन, फुलाच्या चिन्हाचा क्लोज-अप मोड. या कॅमेऱ्यांत पुढचं-मागचं सगळं स्पष्टच येतं. मागचं धूसर हवं असेल तर याच मोडमध्ये दहा-बारा सेंटिमीटरवर जावं लागतं. हा दुसरा धडा पुढे चेहरे आणि नावं लपवायला कामी आला.

‘मी कोण’ हा विषय का फसतो

लोकांच्या हाती कॅमेरा देऊन त्यांच्याच फोटोंवर चर्चा घडवायची पद्धत १९९० च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतातल्या ग्रामीण स्त्रियांबरोबर उभी केली. तिच्यामागे ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांचा शिक्षणविचार आहे. तिच्यात प्रत्येक फोटोला ठरावीक प्रश्न विचारतात: काय दिसतं, खरं काय चाललंय, आपल्या जगण्याशी त्याचा काय संबंध, हे असं का आहे, यावर काय करता येईल. गावातल्या पाण्याच्या किंवा दवाखान्याच्या प्रश्नावर हे उत्तम चालतं. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्या घराच्या फोटोवर ‘यावर काय करता येईल’ असं विचारलं की तो गप्प होतो, कारण त्याला एवढंच ऐकू येतं की आपल्या घरात काहीतरी बिघडलेलं आहे.

पहिल्या रविवारी विषय दिला होता ‘मी कोण’. आले ते फोटो ओळखीचेच होते: सेल्फी, कॅलेंडरवरचे देव, दुसऱ्याच्या मोटरसायकलवर बसलेले मित्र, एक तिरंगा. या मुलांना शाळेतले सर, सर्वेक्षणवाले, सोसायटीतल्या मावशी असे सगळेच ‘तू कुठला रे?’ विचारत असतात आणि त्यावरचं एक तयार उत्तर त्यांच्याजवळ असतं. थेट विचारलं की तेच तयार उत्तर फोटोत येतं. दुसऱ्या रविवारपासून ‘ओळख’ हा शब्द गटातून काढूनच टाकला आणि साध्या, जमिनीवरच्या कामगिऱ्या दिल्या. चेहरा न दाखवता स्वतःचा फोटो. दारातून बाहेर पडल्यावर दिसणाऱ्या पहिल्या पाच गोष्टी, ज्या उंचीवरून दिसतात त्याच उंचीवरून. घरातलं असं एक काम जे माझ्याशिवाय होत नाही. ही तिसरी कामगिरी इतर सगळ्यांवर मात करणारी निघाली. स्थलांतरित घरातलं चौदा-पंधरा वर्षांचं मूल बहुधा घराचा दुभाषा, कारकून आणि पाणक्या असतं, आणि त्याबद्दल त्याला कधी कुणी विचारलेलं नसतं.

चर्चेचे प्रश्नही बदलले. प्रत्येक फोटोला दोनच: हा फोटो कुठला आहे ते कोण चटकन ओळखेल? आणि कोण अजिबात ओळखणार नाही? फोटो काढणारा शेवटी बोलतो. आधी बाकीचे अंदाज करतात. चुकीच्या अंदाजांची मजा येते आणि ते दुरुस्त करताना मूल जे बोलतं ते समोरासमोर विचारून कधी निघालं नसतं.

पार्किंगमधलं प्रकरण

गटातला एक मुलगा पश्चिम नेपाळच्या अछामकडचा, वय सोळा. वडील एका सोसायटीत वॉचमन, आई तिथल्याच चार घरी धुणीभांडी. राहायला पार्किंगच्या कोपऱ्यात पंपरूमला लागून एक खोली. ‘पहिल्या पाच गोष्टी’साठी त्याने संध्याकाळी खाली बसून गाड्यांचे फोटो काढले. खोलीच्या दारात बसलं की डोळ्यांसमोर येतं ते चाक, बंपर आणि फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्या. फोटो चांगलेच होते. पुण्यातली सोसायटी त्या उंचीवरून फारसं कुणी पाहत नाही.

मंगळवारी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सीसीटीव्हीची क्लिप पडली. खाली मजकूर: वॉचमनचा मुलगा गाड्यांचे फोटो काढतोय, कुणाला देतो ते विचारा. वडिलांना ऑफिसात बोलावणं आलं. वडिलांनी घरी येऊन कॅमेरा काढून घेतला आणि पंपरूममध्ये कुलपात ठेवला.

अशा वेळी कार्यकर्त्यांचे पाय आपोआप सेक्रेटरीकडे वळतात. ते चुकीचं. संस्थेचा माणूस तावातावाने ऑफिसात शिरला की वॉचमनने तक्रार केली असा अर्थ निघतो आणि नोकरी जाते. आधी भेट वडिलांची, तीही सोसायटीबाहेर, चहाच्या टपरीवर. त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या: कॅमेरा तुमच्याकडेच राहू दे, तुम्ही म्हणाल तेव्हाच परत, आणि तुमची हरकत नसेल तरच आम्ही सेक्रेटरींना भेटू. त्यांनी चार दिवस घेतले. मग सेक्रेटरींकडे जाताना लेटरहेडवर एक पान, त्यात गटाची माहिती, केंद्राचा फोन नंबर आणि नियम: गाड्यांचे नंबर, फ्लॅटचे नंबर, रहिवासी आणि त्यांची मुलं फोटोत येणार नाहीत. मुलाला बरोबर नेलं नाही, त्याचे फोटोही नेले नाहीत. फोटो त्याचे, ते दाखवून त्याची बाजू मांडणं म्हणजे त्याला न विचारता प्रदर्शन भरवणंच.

सेक्रेटरी भले गृहस्थ होते. म्हणाले, “फोटो काढायला ना नाही हो. पण उद्या एखाद्या गाडीचं काही गेलं, तर पहिलं नाव याचंच येणार. ते मला नकोय.” हे त्यांचं म्हणणं धमकी म्हणून नव्हतं, आणि खरंही होतं. परवानगी मिळाली ती स्वतःची खोली आणि गेटवरची केबिन एवढ्यापुरती. गळ्यात केंद्राचं ओळखपत्र. यात दोन रविवार गेले.

मुळातली गफलत नियोजनातली. मुलाच्या घरात फोटो काढायला वडिलांची संमती पुरते असं गृहीत धरलं होतं, पण वॉचमनचं घर सोसायटीच्या सामायिक जागेत असतं, मजुराचं कंत्राटदाराच्या जागेत आणि अफगाण कुटुंबाचं घरमालकाच्या अकरा महिन्यांच्या करारात. त्यानंतर यादीत एक रकाना वाढला: छप्पर कुणाचं? कॅमेरा घरी जाण्याआधी त्या माणसाकडे ते एक पान पोचलेलं असलं पाहिजे.

गाड्या हातच्या गेल्यावर मुलगा केबिनकडे वळला आणि ‘माझ्याशिवाय न होणारं काम’ त्याला तिथे सापडलं. ये-जा नोंदवायचं रजिस्टर. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीचं, पट्टीने आखलेले रकाने: तारीख, नाव, फ्लॅट नं., गाडी नं., आत, बाहेर, सही. वडिलांना आकडे लिहिता येतात, इंग्रजी आडनावं येत नाहीत, त्यामुळे सहावीपासून संध्याकाळची पानं हाच भरतो. फोटोला अडचण अशी की पानभर लोकांची नावं आणि नंबर. इथे फुलाच्या चिन्हाचा मोड कामी आला. त्याने रजिस्टर तिरपं धरून लेन्स ‘आत’ आणि ‘बाहेर’ या दोन रकान्यांच्या जवळ नेली; त्याच्या हातातलं दोरीने बांधलेलं पेन आणि सात-वीस, सात-पस्तीस असे आकडे स्पष्ट, नावांची बाजू पार धूसर. त्या आठवड्याच्या चोवीसांतले निम्मे फोटो याच पानाचे होते.

गटात ही प्रिंट फिरली तेव्हा मजूर कॅम्पातल्या एका मुलीने विचारलं, “यात तुझं नाव कुठंय?”

तो म्हणाला, “आमचं कशाला? आम्ही आत येतच नाही. आतच असतो.”

यावर मोठ्यांनी काही बोलायचं नसतं. ‘बघ, हेच तुझ्या ओळखीचं प्रतीक’ असं म्हणायचा मोह प्रत्येक कार्यकर्त्याला होतो आणि तो आवरणं हे या कामातलं निम्मं कौशल्य आहे. मुलाने ओळ लिहिली: ‘वेळ मी लिहितो.’ तीच शेवटपर्यंत राहिली.

न दाखवलेला फोटो

गटातली एक मुलगी काबूलची, वय सोळा. तिथे सहावीनंतर मुलींची शाळा बंद. इथे शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडलेला. दाखल्यावाचून प्रवेश नाकारता येत नाही हा शिक्षणहक्क कायद्याचा आधार चौदापर्यंतचाच, तेव्हा तिला त्याचा उपयोग नाही. मोठा भाऊ कॉलेजात, आई घरी. भावाच्या अटी स्पष्ट होत्या: चेहरा नाही, इमारत बाहेरून नाही, नाव नाही, इंटरनेटवर काही नाही. चारही मान्य केल्या आणि लिहून दिल्या.

पाचव्या रविवारी कामगिरी होती ‘गावाहून बरोबर आलेली वस्तू’. स्थलांतरितांच्या गटांत ही फार लोकप्रिय आहे आणि मजुरांच्या आणि वॉचमनच्या मुलांसाठी छान चालते. पितळी तांब्या, आजीची गोधडी, नेपाळी खुकुरी असं काहीबाही येतं. पळून आलेल्या घरात मात्र बरोबर न आलेल्या वस्तूंची यादी मोठी असते. ती मुलगी काही बोलली नाही आणि पुढच्या रविवारी आलीही नाही. तिला फोन करून ‘काय झालं’ विचारलं नाही. एवढंच कळवलं की पुढच्या वेळचा विषय निराळा आहे, कॅमेरा तुझ्या वाटणीला ठेवलाय. त्यापुढच्या रविवारी ती आली. तेव्हापासून प्रत्येक कामगिरी जोडीने दिली, एक भूतकाळाकडे जाणारी आणि एक आजची, आणि कोणती निवडली याचं कारण कुणालाच विचारलं नाही.

झोप उडणं, दचकणं, जेवण तुटणं अशी लक्षणं दिसली तर फोटोवरची चर्चा तिथेच थांबवून योग्य माणसाकडे पाठवायचं, हे आधीच ठरलेलं असावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर भिंतीवर हवेतच, पण दरी बोलणाऱ्या मुलीसाठी भाषा जाणणारी एखादी स्त्री गट सुरू होण्याआधी ठरवून ठेवावी लागते. ऐनवेळी शोधली की शेवटी भावालाच बसवावं लागतं.

तिने काढलेल्यांत एक फोटो होता चपलांच्या रॅकचा. वरच्या खणात भावाचे पांढरे स्पोर्ट्‌स शूज आणि तिच्या सँडल, खालच्या खणात आईचे काळे बूट, त्यांच्यावर धुळीचा थर. कोण ओळखणार नाही, या प्रश्नावर ती म्हणाली, “इमारतीतलं कुणीच. माँ दवाखान्याशिवाय खाली उतरतच नाही.” गटातल्या सगळ्यांच्या मते तो सगळ्यात ताकदीचा फोटो होता. तिने तो बाहेर दाखवायचा नाही असं ठरवलं. चहाच्या थर्मासचा दिला.

मदत देणाऱ्यांना आणि वर्तमानपत्रांना नेमका असाच फोटो हवा असतो. त्याची रदबदली करायला कार्यकर्ते मुलांकडे जातात, ‘एकदा विचार कर ना’ म्हणतात, आणि दहा आठवडे जपलेली तिसरी संमती एका वाक्यात मोडीत निघते. इथे कुणी विचारलं नाही. काय दाखवायचं नाही हे ठरवणं हा या गटातल्या मुलांच्या हातात बहुधा पहिल्यांदाच आलेला अधिकार होता, आणि तो वापरला गेला हेच या प्रकरणाचं फलित मानावं. ‘आत्मविश्वास एक ते पाचमध्ये किती’ असल्या आधी-नंतरच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या नाहीत; त्यांत मुलं आपल्याला खूश करायला पाच लिहितात.

मजकूर आणि छपाई

फोटोखालचा मजकूर मुलांनी ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेत लिहायचा, हे ठरलेलं होतं. तरी नांदेडकडच्या मुलीने ‘आई पाणी भरलाली’ असं लिहिल्यावर एका स्वयंसेवकाने प्रेमाने ‘भरते आहे’ केलं. मुलीने मजकुराचा कागदच परत मागितला. मराठी मुलुखातून मराठी शाळेत येऊनही तिच्या बोलण्यावर वर्गात रोज हसतात. इथेही तेच झालं. नियम सोपा: अर्थ लागत नसेल तर विचारा, नाहीतर पेन खाली ठेवा.

छपाईत निराळ्याच भानगडी. फ्लेक्सवाल्याकडे श्रीलिपी हे जुन्या फाँटचं सॉफ्टवेअर होतं आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या आजच्या प्रमाण पद्धतीत, त्यामुळे मराठी-नेपाळीची जोडाक्षरं फुटली. दरी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिची अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात. तशी सोय नसलेल्या सॉफ्टवेअरने ती सुटी करून उलटी लावली. दिसायला सुबक, वाचायला निरर्थक, आणि दुकानातल्या कुणालाही ते कळलं नसतं. उपाय: मजकूर केंद्रावरच टाइप करून पीडीएफ करायचा, मुलाला एकदा वाचायला द्यायचा आणि दुकानात चित्र म्हणूनच चिकटवायचा.

मोठ्या प्रिंट बारा बाय अठरा इंचाच्या, नऊ जणांच्या दोन-दोन, पाच मिलिमीटर सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या बोर्डवर. दोनशे डीपीआयने, म्हणजे इंचाला दोनशे ठिपके धरून, या आकाराला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या वर. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या फोटोसारखी पाठवली की लांब बाजू साधारण सोळाशे पिक्सेलवर येते आणि आठ इंचांपुढे फोटो फाटतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर आकार टिकतो, पण मोबाइलने काढलेला फोटो असेल तर जागेची माहितीही तशीच जाते. म्हणून लॅबला पेनड्राइव्ह.

छापण्याआधी प्रत्येक फोटो दोघांनी मोठा करून तपासला: शाळेचा बॅज, सोसायटीचा बोर्ड, गाडीचा नंबर, आरशातलं प्रतिबिंब, भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा दुकानाचा पत्ता. शेवटच्या दोन गोष्टी हमखास निसटतात. थर्मासच्या स्टीलमध्ये मुलीचा चेहरा उमटलेला होता. तो तिनेच दाखवून दिला आणि फोटो बाजूने कापून घेतला.

प्रदर्शनासाठी बालगंधर्वचं कलादालन किंवा घोले रोडवरचं राजा रवि वर्मा कलादालन, अशा सूचना आल्या. मुलांनी अभ्यासकेंद्राचीच खोली निवडली, दुपारी दोन ते पाच, आणि पाहुण्यांची यादी स्वतः केली. ते बरंच झालं. डेक्कनला नेलं असतं तर आया आल्या नसत्या. रविवारी दुपारी धुणीभांडी आवरून कोंढव्यात तासभर निघतो, पलीकडे जाऊन यायला निघत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी आले. रजिस्टरच्या फोटोपुढे थांबून त्यांनी मुलाला विचारलं, “अक्षर तुझं?” आणि पुढे गेले.

नंतरची कामं

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. कॅमेरा कुणाचा याने फरक पडत नाही. म्हणजे अठराही फोटोंचे हक्क मुलांचे. केंद्राला वार्षिक अहवालात एखादा छापायचा असेल तर कोणता फोटो, कुठे, किती काळ हे लिहून वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि ती दिली नाही तर विषय संपला. मोठ्या प्रिंट मुलांना दिल्या. त्यातल्या तीन लगेच केंद्रावर परत आल्या, कारण पत्र्याच्या खोलीत एवढा बोर्ड ठेवायला कोरडी भिंत नसते. पुढच्या वेळी मोठ्या प्रिंटबरोबर आठ बाय दहाची एक प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये द्यावी.

वेळापत्रकाबद्दल थोडं. दिवाळीनंतर सुरू करून दहावीच्या पूर्वपरीक्षेआधी संपवणं पुण्यात सोयीचं. ऊनही तिरपं आणि मऊ असतं. तरी गळती होतेच. बारातले तिघे गेले ते कंटाळून नाही, तर साइट संपली म्हणून. कॅम्प उठायची बातमी मुलांना आदल्या दिवशी कळते, म्हणून प्रिंट साठवून शेवटी देण्यापेक्षा दर रविवारी हातात द्याव्यात. त्या तिघांकडे निदान तेवढ्या प्रिंट गेल्या.

शेवटचं काम कार्डांचं. नऊपैकी सहा जणांनी कार्ड स्वतःकडे ठेवलं, दोघांनी केंद्राकडे प्रत ठेवायला सांगितली. अफगाण मुलीने रॅकच्या फोटोची प्रिंट घेतली आणि कार्डावरून तो पुसून टाका म्हणाली. नुसतं डिलीट किंवा फॉरमॅट करून फोटो जात नाही. रिकव्हरीचं फुकट सॉफ्टवेअर तो बाहेर काढतं. कार्ड फॉरमॅट करून भिंतीचे निरर्थक फोटो काढत ते पूर्ण भरायचं, पुन्हा फॉरमॅट करायचं, आणि केंद्राच्या कॉम्प्युटरवरची व लॅबच्या पेनड्राइव्हवरची प्रतही काढायची. लॅबवाल्याच्या मशीनमध्ये ऑर्डरची फाइल राहते, हे विसरू नये. तिथे जाऊन ती आपल्यासमोर काढून घ्यावी लागते. हे सगळं मुलीला शेजारी बसवून केलं. भिंतीचे फोटो तिनेच काढले.